आधी वस्तू, मग शब्द : आचार्य प्रफुल्लचंद्र राय





२ ऑगस्ट हा आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांचा जन्मदिवस. भारतातील आधुनिक रसायनशास्त्राचा पाया घालणारे शास्त्रज्ञ म्हणून त्यांचे नाव सामान्यज्ञानाच्या पुस्तकात असते आणि स्पर्धा परीक्षेपुरते ते पाठही केले जाते. परंतु या अंकात मी त्यांची ओळख शास्त्रज्ञापेक्षा शिक्षक म्हणून करून देणार आहे. त्याला कारण आहे. आठवी-नववीपर्यंत हसतखेळत शिकणारी आपली मुले रसायनशास्त्रापाशी येऊन अडतात. सूत्रे पाठ होतात, समीकरणे वहीत उतरतात, गुणही मिळतात. पण समोर चुना, सोडा आणि मीठ ठेवून यांतले कोणते काय आहे असे विचारले की वर्ग शांत होतो. मुले मठ्ठ आहेत म्हणून असे होत नाही. आपण कसे शिकवतो आणि ती कोणत्या शब्दांतून समजून घेतात, याच्याशी या शांततेचा संबंध आहे. राय यांनी आयुष्यभर याच गोष्टीकडे लक्ष दिले.

बालपण आणि आजारपण

प्रफुल्लचंद्रांचा जन्म २ ऑगस्ट १८६१ रोजी बंगालमधील राडुली-काटिपाडा या खेड्यात झाला. हे गाव पुढे खुलना जिल्ह्यात आले आणि आज ते बांगलादेशात आहे. रवींद्रनाथ टागोरांचा जन्मही याच वर्षीचा. वडील हरिश्चंद्र राय हे जमीनदार होते. त्यांना वाचनाची फार आवड होती आणि घरात त्यांचे चांगले ग्रंथालय होते. आईचे नाव भुवनमोहिनी. प्रफुल्लचंद्रांचे सुरुवातीचे शिक्षण वडिलांनीच गावात काढलेल्या शाळेत झाले. मुलांच्या शिक्षणासाठी १८७० मध्ये कुटुंब कलकत्त्यास आले आणि प्रफुल्लचंद्र हेअर स्कूलमध्ये जाऊ लागले.

१८७४ मध्ये त्यांना आमांशाचा तीव्र विकार जडला. शाळा सोडावी लागली आणि सुमारे दोन वर्षे घरातच गेली. त्या दुखण्याने त्यांची प्रकृती कायमची नाजूक झाली. पुढे आयुष्यभर मोजके खाणे, ठरलेल्या वेळी झोपणे आणि नियमित फिरणे हे पथ्य त्यांनी सांभाळले. मात्र ती दोन वर्षे त्यांनी वाया घालवली नाहीत. वडिलांच्या ग्रंथालयातील पुस्तके त्यांनी वाचून काढली. इतिहास, चरित्रे, इंग्रजी साहित्य सारे वाचले आणि लॅटिन भाषेचा अभ्यास सुरू केला. परीक्षेत येणार नाही म्हणून एखादी गोष्ट शिकायची नाही, हा विचार त्यांच्या मनाला शिवला नाही. पुढे हेच लॅटिन त्यांच्या कामी आले.

रसायनशास्त्राची ओढ

१८७९ मध्ये प्रवेश परीक्षा उत्तीर्ण होऊन ते ईश्वरचंद्र विद्यासागरांच्या मेट्रोपॉलिटन संस्थेत दाखल झाले. तेथे विज्ञानाच्या प्रयोगांची सोय नव्हती. म्हणून रसायनशास्त्राच्या तासांना ते प्रेसिडेन्सी कॉलेजात बाहेरचे विद्यार्थी म्हणून बसत. तेथे अलेक्झांडर पेडलर हे प्राध्यापक वर्गात सुरेख प्रयोग करून दाखवत. ते प्रयोग पाहून या साहित्यप्रेमी मुलाचे मन रसायनशास्त्राकडे वळले.

केवळ पाहून त्यांचे समाधान होईना. एका मित्राच्या खोलीवर त्यांनी लहानशी प्रयोगशाळा थाटली. कल्हईवाल्याकडून पातळ पत्र्याचे एक उपकरण करून घेतले आणि त्यात ऑक्सिजन व हायड्रोजन एकत्र जाळण्याचा प्रयोग केला. उपकरणाचा स्फोट झाला, पण सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. मित्रांनो, हा प्रसंग अनुकरणासाठी सांगितलेला नाही. प्रयोग नेहमी शिक्षकांच्या देखरेखीखालीच करावेत. परंतु पाहिलेली गोष्ट स्वतः करून पाहावीशी वाटणे, ही विज्ञानाची पहिली खूण आहे.

वडिलांची आर्थिक स्थिती तोवर खालावली होती. विलायतेस जाण्याचा मार्ग एकच होता, तो म्हणजे गिलख्रिस्ट शिष्यवृत्ती. तिच्या परीक्षेला अनेक भाषांचे ज्ञान लागे. आजारपणात शिकलेले लॅटिन येथे उपयोगी पडले. १८८२ मध्ये शिष्यवृत्ती मिळाली आणि प्रफुल्लचंद्र स्कॉटलंडमधील एडिंबरो विद्यापीठात गेले. तेथे अलेक्झांडर क्रम ब्राऊन यांच्या हाताखाली त्यांनी अभ्यास केला आणि १८८७ मध्ये डी. एस्सी. ही पदवी मिळवली.

अडीचशे रुपयांचा प्राध्यापक

१८८८ मध्ये ते मायदेशी परतले. जवळ विलायतेची सर्वोच्च पदवी होती, तरी जवळजवळ वर्षभर नोकरी नव्हती. त्या काळात त्यांचे मित्र जगदीशचंद्र बोस यांच्या घरी त्यांना आधार मिळाला. शेवटी १८८९ मध्ये प्रेसिडेन्सी कॉलेजात साहाय्यक प्राध्यापकाची तात्पुरती जागा मिळाली. वेतन दरमहा २५० रुपये. शिक्षण खात्यातील वरची श्रेणी त्या काळी व्यवहारात इंग्रजांसाठीच असे, आणि तेवढीच योग्यता असलेल्या भारतीयाला खालच्या श्रेणीत घेतले जाई. हा अन्याय राय यांना बोचत होता. पण त्याचा राग त्यांनी विद्यार्थ्यांवर किंवा कामावर काढला नाही.

त्यांनी एक गोष्ट आग्रहाने केली. मोठे प्राध्यापक वरच्या वर्गांना शिकवतात आणि खालचे वर्ग नवख्यांकडे सोपवतात, ही रीत त्यांनी उलटी केली. पहिल्या वर्षाच्या मुलांना ते स्वतः शिकवत. माती ओली असतानाच तिला आकार देता येतो, हे त्यांना ठाऊक होते. तासाला जाण्यापूर्वी ते प्रयोगांची नीट तयारी करून घेत. वर्गात आधी वस्तू दिसे, मग तिच्यात होणारा बदल दिसे आणि मग त्या बदलाचे नाव फळ्यावर येई. प्रीस्टले, शेले, लाव्हाझिए यांच्या गोष्टीही ते सांगत, त्यामुळे नियम कोणी व कसा शोधला हे मुलांना कळे.

त्यांच्या वर्गाची एक आठवण बंगालमध्ये आजही सांगितली जाते. हाडाचा तुकडा ते मुलांसमोर जाळून पांढरी राख करीत आणि त्या राखेची चिमूट स्वतःच्या जिभेवर ठेवत. त्या काळच्या सोवळ्या घरांतून आलेली मुले थक्क होत. त्यांना दाखवायचे एवढेच असे की आता येथे हाड उरले नाही, प्राणी उरला नाही, उरले आहे ते कॅल्शियम फॉस्फेट. पदार्थाचे गुण त्याच्या घटकांवर ठरतात, तो कोठून आला यावर नाही. रासायनिक बदल म्हणजे काय, हे पानभर व्याख्या लिहून जे कळले नसते ते त्या एका चिमटीने कळे. (मुलांनो, प्रयोगशाळेतील कोणताही पदार्थ तुम्ही मात्र तोंडात घालू नये.)

घरातले रसायनशास्त्र

राय यांचे संशोधनही लोकांच्या जगण्यापासून दूर नव्हते. बाजारातील तूप आणि मोहरीचे तेल यांतील भेसळ ओळखता यावी म्हणून त्यांनी कित्येक नमुने तपासले. शुद्ध नमुना हवा म्हणून आपल्या डोळ्यांदेखत दूध काढवून लोणी करून घेतले. हे काम १८९४ मध्ये प्रसिद्ध झाले.

पुढील वर्षी, १८९५ मध्ये, थंड व सौम्य नायट्रिक आम्ल आणि जास्तीचा पारा एकत्र ठेवला असता त्यांना पिवळे स्फटिक दिसले. प्रथमदर्शनी तो एक आम्लारिधर्मी क्षार असावा असे वाटले. पण इतक्या आम्लयुक्त द्रावणात तसा क्षार तयार होणे नेहमीच्या अनुभवाला धरून नव्हते. दुसरा कोणी ते स्फटिक बाजूला सारून पुढे गेला असता. राय थांबले, तपासले, आणि तो मर्क्युरस नायट्राइट हा नवा पदार्थ असल्याचे त्यांनी १८९६ मध्ये जगापुढे ठेवले. पुस्तकाशी न जुळणारी गोष्ट दिसली तर ती झाकायची नाही, तिचा पाठपुरावा करायचा, हे त्यांनी विद्यार्थ्यांना आपल्या कृतीने शिकवले.

१८९२ मध्ये त्यांनी केवळ ७०० रुपये भांडवलावर, राहत्या भाड्याच्या घरात औषधे तयार करण्याचा उद्योग सुरू केला. खाटकांकडून हाडे आणून ती गच्चीवर वाळत घातली, कावळे गोळा झाले, शेजाऱ्यांनी दुर्गंधीची तक्रार केली. तरी काम थांबले नाही. १९०१ मध्ये या उद्योगाची बेंगाल केमिकल अँड फार्मास्युटिकल वर्क्स ही कंपनी झाली. शिकलेल्या तरुणांनी केवळ कारकुनीच्या मागे न लागता उद्योग करावा, हा त्यांचा हेतू होता.

आपल्या पूर्वजांना रसायनविद्या किती येत होती, याचाही त्यांनी शोध घेतला. रसार्णव, रसरत्नसमुच्चय अशा संस्कृत ग्रंथांचा अभ्यास करून हिंदू रसायनशास्त्राचा इतिहास त्यांनी दोन खंडांत लिहिला. पहिला खंड १९०२ मध्ये आणि दुसरा १९०९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात अभिमान आहे, तशीच परखड तपासणीही आहे. हाताने काम करणाऱ्या कारागिराला समाजाने कमी लेखले आणि विचार करणारा व हात चालवणारा वेगळे पडले, म्हणून आपले विज्ञान मागे राहिले, असे त्यांचे मत होते.

गोखले, गांधी आणि चाळीस रुपये

आपल्या नामदार गोपाळ कृष्ण गोखल्यांशी राय यांचा जिव्हाळ्याचा स्नेह होता. कौन्सिलच्या कामासाठी गोखले कलकत्त्यास येत तेव्हा दोघांची वरचेवर भेट होई. गांधीजी गोखल्यांकडे उतरले असताना गोखल्यांनीच त्यांची राय यांच्याशी ओळख करून दिली. दरमहा ८०० रुपये मिळवणारा हा प्राध्यापक स्वतःसाठी फक्त ४० रुपये ठेवतो आणि बाकी सारे लोककार्याला देतो, हे तेव्हा गांधीजींना समजले आणि त्यांनी ते आत्मचरित्रात नोंदवून ठेवले. जानेवारी १९०२ मध्ये कलकत्त्यात दक्षिण आफ्रिकेच्या प्रश्नावर गांधीजींची सभा भरवण्यात राय यांचाच पुढाकार होता.

राय यांनी लग्न केले नाही. विद्यार्थी हेच त्यांचे कुटुंब. मेघनाद साहा, सत्येंद्रनाथ बोस, ज्ञानचंद्र घोष, नीलरतन धर असे पुढे नावाजलेले शास्त्रज्ञ त्यांच्या वर्गात बसून गेले. साहा हे खेड्यातल्या गरीब घरातून आलेले होते, हे आपल्या मुलांनी विशेष लक्षात ठेवावे.

१९१६ मध्ये प्रेसिडेन्सी कॉलेजातून निवृत्त झाल्यावर आशुतोष मुखर्जींच्या आमंत्रणावरून ते कलकत्ता विद्यापीठाच्या विज्ञान महाविद्यालयात गेले. १९२१ मध्ये वयाची साठ वर्षे पूर्ण होताच त्यांनी आपले पुढील सर्व वेतन विद्यापीठालाच, रसायनशास्त्र विभागासाठी, देऊन टाकले आणि तरीही पंच्याहत्तरीपर्यंत काम केले. राहायला महाविद्यालयाच्याच इमारतीतील एक खोली. अंगावर खादी. १९२२ मध्ये उत्तर बंगालमध्ये महापूर आला तेव्हा मदतकार्याची धुरा त्यांनी वाहिली. १९२४ मध्ये इंडियन केमिकल सोसायटी स्थापन झाली, तिचे ते पहिले अध्यक्ष होते. १६ जून १९४४ रोजी त्याच खोलीत, विद्यार्थ्यांच्या सहवासात त्यांनी देह ठेवला.

मातृभाषेचा आग्रह

राय इंग्रजीत पारंगत होते. तरी शिक्षण मातृभाषेतून व्हावे, असे ते सातत्याने सांगत राहिले. त्यांनी स्वतः बंगालीत विज्ञानावर लिहिले आणि लहान मुलांसाठी प्राणिविज्ञानाचे सोपे पुस्तकही केले. आपल्याकडे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात बाळाजी प्रभाकर मोडक यांनी एकोणिसाव्या शतकातच रसायनशास्त्र मराठीत आणले होते. आपला आदिलाबाद ज्या हैदराबाद संस्थानात होता, तेथे १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात रसायनशास्त्र उर्दूतून शिकवले जाई. आपल्याकडील जुनी माणसे ॲसिडला अजूनही तेजाब म्हणतात, ते याच वारशातून.

आता नेरडीगोंड्याकडे येऊ. आपल्या मुलांची घरची भाषा मराठी, गावाची तेलुगू, बाजाराची हिंदी आणि मोठ्या पुस्तकांची इंग्रजी. चार भाषा येणे हे धनच आहे. पण रसायनशास्त्रात हे धन कधीकधी गोंधळ घालते. माझे शिक्षण हिंदी माध्यमात झाले, म्हणून मला हे चटकन दिसते. मराठीत ‘अणू’ म्हणजे ॲटम आणि ‘रेणू’ म्हणजे मॉलेक्यूल. हिंदीत ‘परमाणु’ म्हणजे ॲटम आणि ‘अणु’ म्हणजे मॉलेक्यूल. तेलुगूतही ‘अणुवु’ म्हणजे मॉलेक्यूलच. शब्द एक, अर्थ दोन. मराठीत ‘क्षार’ म्हणजे सॉल्ट, तेलुगूत ‘क्षारम्’ म्हणजे बेस, आणि सॉल्टला तेलुगू व हिंदीत ‘लवण’ म्हणतात. त्यामुळे मूल चुना आणि मीठ एकाच रांगेत बसवते. मराठीत ‘मूलक’ म्हणजे रॅडिकल, तेलुगूत ‘मूलकम्’ म्हणजे मूलद्रव्य. संयुगाला तेलुगूत ‘सम्मेळनम्’ म्हणतात, आणि आपल्या मुलाला तो शब्द ऐकून शाळेचे स्नेहसंमेलन आठवले तर त्यात त्याचा काय दोष?

असा गोंधळ मोठमोठ्यांचाही झालेला आहे. राय यांच्या जन्माच्या आदल्या वर्षी, सप्टेंबर १८६० मध्ये, युरोपातील रसायनशास्त्रज्ञ जर्मनीतील कार्ल्सरुहे येथे जमले होते. ॲटम कशाला म्हणायचे आणि मॉलेक्यूल कशाला, यावर त्यांचे एकमत नव्हते. इटलीच्या कॅनिझारो या शिक्षकाने आपल्या विद्यार्थ्यांना शिकवण्याच्या क्रमातूनच हा गुंता सोडवून दाखवला.

अलीकडच्या काळात मुले आणि शिक्षक रसायनशास्त्र कसे समजून घेतात, यावर जगभर पद्धतशीर संशोधन झाले आहे. ग्लासगो विद्यापीठाचे ॲलेक्स जॉन्स्टन यांनी १९८२ मध्ये दाखवून दिले की हा विषय तीन पातळ्यांवर चालतो. डोळ्यांना दिसणारा पदार्थ, न दिसणारे कण आणि कागदावरची चिन्हे. शिक्षक या तिन्हींत सहज उड्या मारतो, मूल मात्र मध्येच सुटते. साखर पाण्यात विरघळली की ती नाहीशी झाली, किंवा उकळत्या पाण्याच्या बुडबुड्यांत हवा असते, असे पुष्कळ मुलांना वाटते. पाठांतराने हे समज जात नाहीत. मुंबईत १९७४ मध्ये स्थापन झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने पाठ्यपुस्तकाची भाषा सोपी करून पाहिली, तेव्हा मुलांचे विज्ञानाचे आकलन वाढल्याचे आढळले. म्हणजे अडचण बऱ्याच वेळा मुलाच्या बुद्धीत नसून वाक्यात असते. राय यांनी हे संशोधन पाहिले नव्हते, पण आधी पदार्थ, मग कण, मग चिन्ह हा क्रम त्यांच्या वर्गात होता.

आपण काय करू शकतो

शिक्षकांनी रसायनशास्त्राचा धडा सुरू करताना पदार्थ टेबलावर ठेवावा. चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर मारून ती दुधाळ होताना दाखवावी. हळदीच्या कागदावर साबणाचे पाणी टाकून तो लाल होताना दाखवावा. नंतरच फळ्यावर चार रकाने आखून त्या वस्तूची मराठी, तेलुगू, हिंदी आणि इंग्रजी नावे लिहावीत. शब्द सारखा आणि अर्थ निराळा असेल तेथे खाली रेघ मारावी. उत्तर चुकले तर मुलाला कोणत्या भाषेतला अर्थ अभिप्रेत होता, हे आधी विचारावे.

पालकांनी घरी एवढेच करावे. दही कसे लागते, चुन्याच्या कळीवर पाणी टाकले की ती का तापते, लोखंडी विळा पावसाळ्यात का गंजतो, असे मुलाने विचारले तर त्याला गप्प बसवू नये. उत्तर येत नसेल तर तो प्रश्न वहीत लिहून शाळेत पाठवावा. प्रश्न विचारणाऱ्या मुलीलाही तेवढाच वेळ द्यावा.

विश्वस्त मंडळींना विनंती आहे की प्रयोगशाळेसाठी खर्च करताना महाग उपकरणांआधी परीक्षानळ्या, काचपात्रे, लिटमस कागद आणि मुलांना गोल उभे राहता येईल असे एक रुंद टेबल यांचा विचार व्हावा. ७०० रुपयांत राय यांनी उद्योग उभा केला. आपल्याला तर केवळ मुलांच्या हाती परीक्षानळी द्यायची आहे.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला एकच सांगणे आहे. न समजलेला शब्द पाठ करू नका. हात वर करा आणि ती वस्तू दाखवा असे शिक्षकांना सांगा. राय यांच्यासारख्या शिक्षकाला अशा विद्यार्थ्याचा आनंदच वाटला असता, आणि आम्हालाही वाटेल.



आपला,
मुख्याध्यापक